कंपनी बुडाली, गेम तरला



आजचा विषय खेळाचा आहे, पण सुरुवात एका मयतीपासून करावी लागते आहे. 'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतींचा एक गेम होता. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं तो डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला. लोकांनी रीतसर पैसे मोजून घेतला, कित्येकांनी डिस्क आणून कपाटात ठेवली. पण हा गेम चालायला कंपनीचा सर्व्हर लागायचा, अगदी एकट्यानं गाडी फिरवायची असली तरी. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केला आणि त्या दिवसापासून कपाटातली ती डिस्क चहाच्या कपाखाली ठेवण्यापुरती उरली. रॉस स्कॉट या यूट्यूबरला याचा राग आला आणि त्यानं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. युरोपीय संघाकडे करायच्या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे: विकलेला गेम नंतर मारून टाकू नका.

आता हे आठवायचं कारण सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. घरात धडधाकट लॅपटॉप आहे, विंडोज ११ त्यावर चढत नाही, म्हणून लिनक्स टाकून घेणारी बरीच मंडळी भेटतात. कुणी इंदूरचं, कुणी बडोद्याचं, कुणी हैदराबादचं. लिनक्स बसतं, मराठी टायपिंग जमतं, ब्राउझर चालतो, आणि मग घरातलं शेंडेफळ विचारतं, 'यावर गेम कुठले?' सरळ सहा नावं सांगून मला मोकळं होता आलं असतं. नावं सांगणारच आहे. पण ती नावं अजून जिवंत का आहेत, त्यांच्यातल्या काहींची कंपनी केव्हाच गाडली गेली तरी ती का चालतात, ही गोष्ट मला नावांपेक्षा मोठी वाटते. म्हणून ती आधी.

एक शब्दाचा घोळ मात्र सुरुवातीलाच मिटवू. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की फुकटही झालं आणि स्वतंत्रही झालं. त्यांना तो फरक समजावताना घाम फुटतो. आपल्याला ती अडचण नाही. आपल्याकडे 'मोफत' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं. मोबाइलवर जाहिराती दाखवत चालणारा गेम मोफत असतो, मुक्त नसतो. मुक्त म्हणजे ज्याचा सोर्स कोड, माणसाला वाचता येईल अशी त्याची मूळ लिखावट, तुमच्या हाती दिली आहे आणि ती वापरा, समजून घ्या, बदला, दुसऱ्याला द्या अशी परवानगीही दिली आहे. मिठाईवाल्याकडून आणलेला लाडू आणि लाडवाची कृती यात जो फरक, तोच.

अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना आणला. त्याची अट मला नेहमी विरजणासारखी वाटते. शेजारणीकडून विरजण नेलंत, दही लावलंत, त्यात हवं ते केलंत, तुमचं तुम्ही बघा. पण ते दही दुसऱ्याला दिलंत तर त्याच्याकडेही विरजण पोचलं पाहिजे. दही देऊन विरजण दडवायचं नाही. पुढं १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि १९९२ मध्ये याच परवान्याखाली आणला. आपण आज बोलतोय त्यातले बहुतेक गेमही याच परवान्याखाली आहेत.

पण आपली गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते.

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा एक गेम लिहिला. पुढे बर्कलीत केन आर्नल्ड त्यांना मिळाला. या रोगचा आपल्या आजाराशी काही संबंध नाही, इंग्रजीत रोग म्हणजे लुच्चा, भटक्या. पडद्यावर चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. भुयार टिंबांचं आणि रेघांचं. ई-मेलच्या पत्त्यात येतं ते चिन्ह म्हणजे तुम्ही. ए पासून झेडपर्यंतची अक्षरं म्हणजे राक्षस. दर वेळी भुयार नवं, आणि एकदा मेलात की मेलात, पहिल्यापासून सुरुवात. विद्यापीठांतून चालणाऱ्या युनिक्सच्या बर्कली आवृत्तीबरोबर हा गेम पसरला आणि संगणक विभागांतल्या लोकांच्या रात्रीच्या रात्री त्यात गेल्या.

मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरी गावच्या हायस्कुलात जे फेनलसन नावाचा एक मुलगा होता. त्यालाही रोगचं वेड लागलं. तो बर्कलीला गेला असताना त्यानं रोगच्या लेखकांना सोर्स कोड मागितला. त्यांनी नाही म्हटलं. मुलगा परत आला आणि शाळेच्या संगणकावर मित्रांना घेऊन तसाच गेम स्वतः मुळापासून लिहायला बसला. १९८२ च्या आसपास तो तयार झाला, नाव ठेवलं 'हॅक'. आणि त्यानं एक गोष्ट वेगळी केली: आपला कोड वाटून टाकला.

तो अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित संशोधन केंद्रात आंद्रीस ब्राउवर यांच्या हाती पडला. ब्राउवर हे गणिती. त्यांनी हॅकमध्ये पुष्कळ भर घातली आणि १९८४ च्या अखेरीस तो यूझनेटवर सोडला. यूझनेट म्हणजे इंटरनेट घराघरांत येण्याच्या कितीतरी आधीचा, विद्यापीठांना जोडणारा चर्चेचा चव्हाटा. तिथून तो कुणाकुणाकडे गेला, जो तो आपापली भर घालू लागला, आणि १९८७ मध्ये माइक स्टीफन्सन, इझाक मिलर आणि जॅनेट वॉल्झ यांनी या सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या. नाव झालं 'नेटहॅक'. यातलं नेट म्हणजे नेटवर खेळायचा असं नाही, तर नेटवरून मिळून लिहिलेला. परवानाही स्टॉलमन यांच्या परवान्याच्या धर्तीवरच घेतला.

आता दोन्हीकडचा हिशोब बघा. रोगच्या लेखकांनी पुढं तो गेम विकायला काढला, 'एपिक्स' या कंपनीनं छापून दुकानांत ठेवला. विशेष चालला नाही, आणि एपिक्स १९८९ मध्ये दिवाळखोरीत गेली. नेटहॅक आज चाळिशीकडे झुकलाय आणि अजून खेळला जातो. मधे डिसेंबर २००३ ते डिसेंबर २०१५ अशी बारा वर्षं अधिकृत नवी मोठी आवृत्तीच आली नाही. कंपनीचा माल असता तर मामला तिथंच संपला होता. पण कोड लोकांकडे होता, त्या बारा वर्षांत खेळणाऱ्यांनी त्याच्या स्वतःच्या उपजाती काढल्या आणि २०१५ च्या आवृत्तीत त्यातलं काही मूळ झाडात परत आलं.

यातले इझाक मिलर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे. १९९४ मध्ये ते वारले. नेटहॅकच्या भुयारात खाणकामगारांचं एक छोटं गाव लागतं, 'माइनटाउन'. तिथं दिव्यांचं, मेणबत्त्यांचं एक दुकान असतं. त्या दुकानदाराचं नाव तेव्हापासून इझाक आहे.

इथं मला कबूल करायला हवं की नेटहॅक सगळ्यांसाठी नाही. पहिल्या दहा मिनिटांत लोक कंटाळून उठतात. आमच्या ओळखीत एक निवृत्त स्टेशनमास्तर आहेत, त्यांना तो आवडला, कारण त्यात घाई नाही. तुम्ही किल्ली दाबेपर्यंत राक्षससुद्धा थांबून राहतो. ज्यांना शब्दकोडी आणि पत्ते आवडतात त्यांना हा आवडेल, ज्यांना क्रिकेट आवडतं त्यांना बहुधा नाही.

पुढचा मोठा टप्पा १९९७ चा. 'डूम' हा बंदुकांचा गेम आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीनं डिसेंबर १९९३ मध्ये काढला होता. त्याचा पहिला भाग मोफत वाटला, बाकीचे विकले, आणि जगभर धुमाकूळ घातला. आपल्याकडच्या नव्वदीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची पाठ वळली की लोक काय खेळायचे, ते आठवणाऱ्यांना आठवेल. १९९४ मध्ये डेव्ह टेलर या तिथल्याच प्रोग्रामरनं डूम लिनक्सवर आणला होता. डिसेंबर १९९७ मध्ये, नाताळच्या दोन दिवस आधी, कंपनीतले मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी डूमचा सोर्स कोड जगाला देऊन टाकला. यातली गंमत अशी की दिला तो लिनक्सवरचा कोड. मूळ डॉसवरच्या गेममधला आवाजाचा भाग दुसऱ्या कुणाच्या मालकीचा होता, तो द्यायचा यांना हक्कच नव्हता. सुरुवातीचा परवाना 'यावर पैसे कमवू नका' अशा अटीचा होता, १९९९ मध्ये तोच कोड जीपीएलखाली आला. त्यानंतर कंपनीनं आपल्या पुढच्या गेमांबाबतही हा पायंडा पाळला: 'क्वेक' १९९९ मध्ये, 'क्वेक ३' २००५ मध्ये.

पण इथं एक मेख आहे, आणि मुक्त गेमांचा निम्मा इतिहास या मेखेभोवतीच फिरतो. गेम म्हणजे नुसता कोड नव्हे. त्यात चित्रं असतात, आवाज असतात, संगीत, नकाशे, गोष्ट. कारमॅकनी इंजिन दिलं. राक्षसांची चित्रं आणि भुयारांचे नकाशे कंपनीकडेच राहिले, ते आजही विकत घ्यावे लागतात. म्हणजे घर मिळालं, पण भांडीकुंडी नाही. वर्डप्रोसेसर मुक्त करायला प्रोग्रामर पुरतात, गेमला चित्रकार लागतो, वादक लागतो. तो आणायचा कुठून?

'फ्रीडूम' या प्रकल्पानं यावर जे केलं त्याला चिकाटी हाच शब्द आहे. डूमच्या इंजिनला लागणारं प्रत्येक चित्र, प्रत्येक आवाज, प्रत्येक नकाशा नव्यानं बनवायचा, एकही वस्तू मूळ गेममधून उचलायची नाही. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला हे काम निघालं आणि वीस वर्षांनंतरही चालू आहे. खरं सांगायचं तर चित्रं एकसारख्या हाताची वाटत नाहीत, एक राक्षस सुबक तर दुसरा घाईत काढल्यासारखा. पण फ्रीडूम घालून तुमचा पंधरा वर्षांचा लॅपटॉप गुळगुळीत चालतो, आणि एक पैसा न देता तुम्ही कायदेशीर खेळता.

हीच मेख 'ओपनटीटीडी'लाही होती. ख्रिस सॉयर या ब्रिटिश प्रोग्रामरनं १९९४ मध्ये 'ट्रान्सपोर्ट टायकून' आणि पुढच्या वर्षी त्याची 'डिलक्स' आवृत्ती काढली. रेल्वे टाका, सिग्नल बसवा, कोळसा वीजकेंद्राकडे न्या, टपाल पोचवा. सॉयरनं हा गेम असेंब्ली भाषेत लिहिला होता, म्हणजे जवळजवळ यंत्राच्या भाषेत, आणि त्याचा कोड कधी दिला गेला नाही. लुडविग स्ट्रिगेउस नावाच्या स्वीडिश प्रोग्रामरनं चालणारा प्रोग्राम उलगडत उलगडत तो दुसऱ्या भाषेत नव्यानं लिहिला आणि २००४ मध्ये मोकळा सोडला. हेच गृहस्थ पुढं स्पॉटिफायच्या पहिल्या प्रोग्रामरांपैकी एक. पण चित्रं आणि आवाज मूळ सीडीवरूनच घ्यावे लागत. मग खेळणाऱ्यांनीच डबे, इंजिनं, झाडं, घरं, सगळी चित्रं नव्यानं काढली, आवाज नवे केले, आणि १ एप्रिल २०१० ला आवृत्ती १.० आली तेव्हा मूळ सीडीची गरज संपली होती.

माझी पहिली शिफारस विचाराल तर ही. आपल्या देशात रेल्वेचं वेड नसलेलं घर विरळा. एक लोहमार्ग, त्यावर दोन गाड्या, मधे एक लूप लाइन, आणि सिग्नल चुकला की दोन्ही समोरासमोर उभ्या. आठवीतला मुलगा यातून ब्लॉक सिग्नलची पद्धत जितकी शिकेल तितकी मला पुस्तकातून शिकवता येणार नाही. आणि फार जुन्या यंत्रावरही हा कुरकुरत नाही.

आता या सगळ्याची उलटी बाजू, म्हणजे लिनक्सवर गेम विकायचं ठरवणाऱ्यांची. १९९८ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात स्कॉट ड्रेकर यांनी 'लोकी' नावाची कंपनी काढली. धंदा असा की विंडोजवर गाजलेले गेम मूळ कंपन्यांकडून परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून विकायचे. १९९९ मध्ये त्यांनी 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर' आणला. गेम चांगले होते, काम चोख होतं, गिऱ्हाईक मात्र पुरेसं नव्हतं. लिनक्स वापरणारे तेव्हा मूठभर, आणि त्यांच्यातले बरेच जण विंडोजही ठेवून होते, तोच गेम तिथं आधी आणि स्वस्तात मिळायचा. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, जानेवारी २००२ मध्ये कुलूप लागलं.

पण लोकीत सॅम लँटिंगा नावाचे मुख्य प्रोग्रामर होते. एकाच गेमला विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे खिडकी उघडता यावी, आवाज काढता यावा, जॉयस्टिक वाचता यावी, यासाठी त्यांनी एक लायब्ररी लिहिली होती, एसडीएल. गेम आणि यंत्र यांच्यातला दुभाष्या म्हणा. लोकीनं ती मुक्त ठेवली. लोकीनं विकलेले गेम आज नव्या लिनक्सवर चालवायचे तर नाकी नऊ येतात. एसडीएल मात्र आज असंख्य गेमांच्या पोटात आहे. लँटिंगा पुढं व्हॉल्व्ह कंपनीत गेले, त्याच व्हॉल्व्हनं २०१३ मध्ये स्टीम हे आपलं दुकान लिनक्सवर आणलं, २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं 'प्रोटॉन' काढलं आणि २०२२ मध्ये लिनक्सवरच चालणारा 'स्टीम डेक' हा हातात धरायचा संगणक विकायला सुरुवात केली.

इथं तुम्ही विचाराल, आणि बरोबर विचाराल, की मग स्टीम टाकून मोठे गेम खेळावेत, हे मुक्त गेम हवेत कशाला? स्टीम जरूर टाका. माझी ना नाही. फक्त तिथं विकत मिळतो तो बहुतेक वेळा खेळण्याचा परवाना असतो, गेमची मालकी नव्हे, आणि सुरुवातीला सांगितलेल्या 'द क्रू'चं जे झालं ते कुठल्याही गेमचं होऊ शकतं, एवढं ध्यानात असू द्या. शिवाय जुन्या लॅपटॉपला ते मोठे गेम झेपतच नाहीत.

कोड मुक्त असूनही भांडणं होतात, तीही सांगायला हवीत. 'नेक्सुइझ' नावाचा वेगवान बंदूकबाजीचा गेम २००५ मध्ये जीपीएलखाली आला. पाच वर्षं जगभरच्या लोकांनी त्यात नकाशे, चित्रं, सुधारणा ओतल्या. मार्च २०१० मध्ये समजलं की मूळ संस्थापकानं नेक्सुइझ हे नाव एका व्यावसायिक कंपनीला दिलं आहे आणि त्या नावानं गेमिंग कन्सोलवर बंदिस्त गेम येणार आहे. राबणाऱ्यांना न विचारता. संताप झाला, पण रडत बसण्याची पाळी आली नाही, कारण नाव गेलं तरी कोड त्यांच्याकडेच होता. त्यांनी तो उचलला, 'झोनॉटिक' असं नवं नाव ठेवलं आणि पुढं निघाले. विकलेला नेक्सुइझ २०१२ मध्ये आला, टीएचक्यू या मोठ्या कंपनीनं काढला, आणि त्याच डिसेंबरात टीएचक्यूचं दिवाळं वाजलं. झोनॉटिक आजही मिळतो. 'टक्स रेसर'चंही असंच: कॅनडातल्या जास्मिन पॅट्री यांचा बर्फावरून घसरणाऱ्या पेंग्विनचा गेम २००० मध्ये मुक्त निघाला, पुढं त्याची बंदिस्त विकाऊ आवृत्ती आली आणि विरून गेली, मुक्त आवृत्तीवरून वाढवलेला 'एक्स्ट्रीम टक्स रेसर' लहान मुलं अजून खेळतात.

या परवान्याचा दम बुद्धिबळातही दिसला. ग्नू प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामांत 'ग्नू चेस' होतं, १९८४ पासूनचं. आज मात्र राज्य आहे 'स्टॉकफिश'चं. हे इंजिन २००८ मध्ये निघालं. मूळ कोड नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांचा, त्यावर पुढचं काम इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांचं. स्टॉकफिश म्हणजे नॉर्वेत वाळवलेला आणि इटलीत आवडीनं शिजवला जाणारा मासा, म्हणून हे नाव. आपल्या सुक्या बोंबलाचा लांबचा भाऊ. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा घरबसल्या पटाशेजारी जी उभी पट्टी वरखाली होताना आपण पाहिली, तसल्या पट्ट्यांमागे बहुतेक ठिकाणी स्टॉकफिशच असतं. २०२१ मध्ये स्टॉकफिशच्या लेखकांनी चेसबेस या जर्मन कंपनीला कोर्टात खेचलं. आमचाच कोड घेऊन इंजिन विकता आणि परवान्याच्या अटी पाळत नाही, हा आरोप. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि स्टॉकफिशवर उभी असलेली ती उत्पादनं कंपनीला विक्रीतून काढावी लागली. विरजणाची अट कोर्टातही धरली जाते, ती अशी.

'वॉरझोन २१००' बद्दल थोडक्यात: ब्रिटनच्या बाथ गावातल्या पम्पकिन स्टुडिओचा १९९९ चा रणगाड्यांचा गेम. स्टुडिओ बंद झाला, चाहत्यांनी मागणी लावून धरली, डिसेंबर २००४ मध्ये कोड मोकळा झाला. त्यातले व्हिडिओ आणि संगीत वापरायची परवानगी मिळायला आणखी साडेतीन वर्षं गेली. पुन्हा तीच भांडीकुंडी. 'फ्रीसिव्ह' त्याहून जुना, डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५ च्या नोव्हेंबरात लिहायला घेतलेला. दिसायला रुक्ष, पण सुट्टीतला आठवडा गिळून टाकणारा.

'झीरो ए.डी.' वर मात्र जरा थांबतो. हा २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दुसऱ्या एका गाजलेल्या गेमची पुरवणी म्हणून सुरू झाला, मग स्वतंत्र झाला. बरीच वर्षं आपापसात काम केल्यावर जुलै २००९ मध्ये त्यांनी कोडही मुक्त केला आणि चित्रं-संगीतही. म्हणजे घरासकट भांडी. विषय प्राचीन साम्राज्यांचा: रोम, कार्थेज, इराण, स्पार्टा, आणि २०१२ पासून मौर्य. चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य, तिघंही नायक म्हणून उतरवता येतात, हत्ती तर आहेतच. मोठ्या कंपन्यांच्या गेमांत भारत पुष्कळदा तोंडी लावण्यापुरता येतो. इथं मौर्यांच्या इमारती, त्यांचं लाकूडकाम, त्यांचे हत्ती यांवर विनामोबदला काम करणाऱ्यांनी महिने घालवलेत. चुकीचं वाटलं तर तुम्ही दुरुस्ती सुचवू शकता, आणि ती पटली तर पुढच्या आवृत्तीत दिसते.

गाऱ्हाणंही ऐका. हा गेम वर्षानुवर्षं 'अल्फा' म्हणजे कच्चा माल याच पाटीखाली येत राहिला. आवृत्त्यांना ए पासून नावं देत देत ते झेडपर्यंत पोचले, आणि २०२५ च्या जानेवारीत आलेल्या सत्ताविसाव्या अल्फाचं नाव पुन्हा ए पासून, 'अग्नी'. मोठी लढाई जुंपली की तो अडखळतो. पगारी माणसं नाहीत, कुणाची परीक्षा असते, कुणाचं लग्न ठरतं, कुणी कंटाळतं. मुक्त गेम कंपनी बुडून मरत नाही, पण माणसं पांगली तर तोही कुपोषणानं खंगतो. २००४ मध्ये 'सुपरटक्सकार्ट' असाच अर्धवट टाकून दिला गेला होता. २००६ मध्ये योर्ग हेनरिक्स आणि काही जणांनी तो उचलून घेतला नसता तर आज मुलांना सगळ्यात जास्त आवडणारा लिनक्सवरचा गेम नसताच. २०१९ पासून तो इंटरनेटवरूनही एकमेकांशी खेळता येतो. एक बंगळुरूला, एक पुण्याला, अशी मामे-आतेभावंडं शर्यत लावू शकतात.

लिनक्स टाकलेल्यांनी कुठं शोधायचं? बाहेर कुठं शोधत भटकू नका. उबुंटू असो, मिंट असो की डेबियन, त्यातल्या सॉफ्टवेअरच्या दुकानातच यातले बहुतेक मिळतात. डेबियनची एक शिस्त मला फार आवडते: कोडही मुक्त आणि चित्रंही मुक्त असतील तरच 'मेन' विभागात जागा. कोड मुक्त पण चालायला बंदिस्त फाइल लागते, तर बाहेरच्या 'कॉन्ट्रिब' विभागात बसायचं. नवी चित्रं येईपर्यंत ओपनटीटीडी तिथंच बसून होता.

बालवाडी ते चौथीपर्यंतच्या मुलांना 'जीकॉम्प्री' द्या, २००० मध्ये फ्रान्सच्या ब्रुनो कूदाँ यांनी सुरू केलेला. नाव म्हणजे 'मला कळलं' या फ्रेंच वाक्यावरची कोटी. माउस धरण्यापासून बेरीज-वजाबाकीपर्यंत सगळं त्यात आहे, आणि जाहिरात एकही नाही. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक कितीतरी वर्षं लिनक्सवर चालतात, तिथली पोरं मुक्त सॉफ्टवेअरवरच मोठी होतात, आपल्याकडे एखाद्या शाळेनं निदान एका खोलीत करून बघायला काय हरकत आहे? जरा मोठ्या मुलांना सुपरटक्सकार्ट आणि 'लुआंटी'. हा फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ठोकळ्यांचा गेम, २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. स्वस्थ बसून डावपेच लढवायचे असतील तर 'बॅटल फॉर वेस्नॉथ', २००३ मध्ये डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेला. यातली चित्रं पाहून मुक्त गेम कुरूपच असतात हे म्हणणाऱ्यांचं तोंड बंद होतं. यंत्र जरा दमदार असेल तर झीरो ए.डी.

आणि ज्यांना नेटहॅक खेळायचाच आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. पहिल्या संध्याकाळी पाच-सहा वेळा मराल, ते गृहीत धरा. सुरुवातीला कुत्र्याचं पिल्लू किंवा मांजराचं पिल्लू बरोबर मिळालं तर त्याला मागं टाकून जिना उतरू नका, पहिले काही मजले तेच तुम्हाला तारतं. दुकानात शिरताना हातात कुदळ असेल तर बाहेर ठेवा, नाहीतर मालक आत घेत नाही. आणि खाणीतून वाट काढत माइनटाउनपर्यंत पोचलात, तर दिव्यांच्या दुकानात जा. बहुतेक वेळा इझाक तिथं उभा असतो. जास्तीचा दिवा घेऊन ठेवा, पुढं अंधार आहे.